‘द बुद्धा इन द ॲटिक’ : नायिकाच नसलेली कादंबरी मंडळात कशी वाचावी, आणि तिच्यातले ‘आम्ही’ मराठीत कसे आणावे?

पानोपानी (प्रश्न) :

नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पंधरा-वीस जणांचे वाचनमंडळ भरते. या वेळी ज्युली ओत्सुका या अमेरिकी लेखिकेची ‘द बुद्धा इन द ॲटिक’ ही २०११ साली प्रसिद्ध झालेली छोटी कादंबरी मी सुचवली आणि ती मान्यही झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, केवळ छायाचित्र पाहून ठरलेल्या लग्नासाठी जपानहून बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या तरुण मुली, बंदरावर उभे असलेले त्यांचे नवरे, शेतांतली आणि परक्यांच्या घरांतली मजुरी, बाळंतपणे, दुरावत गेलेली मुले आणि शेवटी १९४२ साली या सर्वांची झालेली हकालपट्टी असा तिचा पट आहे. पाने जेमतेम सव्वाशे-दीडशे आहेत.

अडचण अशी झाली आहे की ज्यांनी ज्यांनी पुस्तक हाती घेतले, त्यांतील बहुतेकांनी पहिले प्रकरण वाचून ते बाजूला ठेवले. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ काकूंचे वाचन आम्हा सर्वांपेक्षा अधिक आहे. त्यांचा परवा फोन आला. “अगं, पंधरा पाने झाली तरी हिचे नाव काय ते कळले नाही, माझ्या वाचनातून काही सुटले का?” असे त्यांनी विचारले, आणि ‘हिचे’ म्हणजे कोणाचे हे मलाही सांगता येईना. कादंबरीभर ‘आम्ही’ बोलत राहते. एखादीचे नाव एका वाक्यात येते आणि ती बाई पुन्हा भेटत नाही. मला स्वतःला हे पुस्तक फार आतून लागले आहे, पण ते का लागले हे मला मंडळापुढे मांडता येईल असे वाटत नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारते. ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांनी ती कशी वाचली? आणि दुसरे असे की, मंडळातील चार-पाच जणांना इंग्रजी वाचन जड जाते, त्यांच्यासाठी पहिले आणि शेवटचे प्रकरण मराठीत आणून मोठ्याने वाचावे असा माझा विचार आहे. त्यासाठी पहिले पान करायला बसले, तर पहिल्याच शब्दाला अडले. ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’?

सांजवेळ :

मी ही कादंबरी तीन वर्षांपूर्वी वाचली आणि तेव्हापासून ती उशाशी आहे. तुमच्या काकूंना एवढेच सांगा की त्यांच्याकडून काही सुटलेले नाही. नायिका शोधायचे थांबवून वस्तू पाहायला लागले की हे पुस्तक उलगडते.

पहिल्याच प्रकरणात या मुलींच्या पेट्यांमध्ये काय काय आहे ते लेखिका सांगते. पहिल्या रात्रीसाठी पांढरे रेशमी किमोनो आहेत, रोजच्या वापरासाठी रंगीत सुती आहेत, आणि त्यांच्याच बाजूला साधे सुती किमोनो घडी करून ठेवले आहेत, ते म्हातारपणी नेसण्यासाठी. घरी लांबलचक पत्रे लिहायला पातळ कागद आहे, शाईच्या कांड्या आहेत, पितळेचे चिमुकले बुद्ध आहेत. ज्या मुलीने अजून नवऱ्याचे तोंड पाहिलेले नाही, तिने म्हातारपणीचे लुगडे बांधून घेतले आहे, म्हणजे परतायचे नाही हे तिला निघतानाच माहीत आहे. हे वाचताना ही पेटी कोणाची, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, कारण तोवर ती पेटी माझ्यासमोर उघडी पडलेली होती.

दुसरी जागा मजुरीच्या प्रकरणातली आहे. परक्या भाषेतला पहिला शब्द म्हणून त्यांना नवऱ्यांनी ‘पाणी’ हा शब्द शिकवला, कारण उन्हात शेतात घेरी येऊ लागली तर तो ओरडायचा असतो. तेवढा एक शब्द येत असला तर जीव वाचतो. नव्या देशाशी जुळवून घेणे म्हणजे काय याविषयी मी बरेच वाचले आहे, पण एका शब्दात इतके सांगितलेले दुसरीकडे वाचलेले नाही. तो शब्द कोणा एकीला शिकवला असता तर तो एक प्रसंग झाला असता. तो सगळ्यांना शिकवला गेला, म्हणून ती त्यांची रीत झाली.

आणि नावांविषयी. शेवटून दुसरे प्रकरण जरूर लक्षपूर्वक वाचा. घरदार सोडून जायच्या दिवशी लेखिका एकेकीला नावाने हाक मारू लागते. इयोच्या बॅगेत कुठेतरी खोल गजराचे घड्याळ वाजत राहिले आहे आणि ती तशीच निघाली आहे. किमिकोची पर्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहून गेली आहे आणि ते तिला फार उशिरा आठवणार आहे. हारुकोने पितळेचा हसरा छोटा बुद्ध माळ्याच्या कोपऱ्यात उंचावर ठेवून दिला आहे. ज्या घटकेला या बायका गावातून नाहीशा होतात त्याच घटकेला नावे अशी दाटीने येतात. मी हे प्रकरण सलग वाचू शकले नव्हते. काकूंना म्हणावे, नावे तिथे भेटतील.

खाडीपलीकडे :

मी गेली एकोणीस वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपट्ट्यात राहतो, म्हणून थोडी मागची हकीकत लिहितो. ती माहीत असली की ‘आम्ही’ हा लेखिकेने केलेला प्रयोग वाटत नाही, त्या बायकांना कायद्यानेच तसे एकत्र बांधले होते हे लक्षात येते.

१९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा ठराव केला. जपान सरकार दुखावले गेले आणि त्यातून १९०७-०८ मध्ये दोन्ही देशांत एक समजुतीचा करार झाला. जपानने मजुरांना अमेरिकेसाठी पासपोर्ट देणे बंद केले, पण जे आधीच तिथे होते त्यांच्या बायकामुलांना जाण्याची वाट मोकळी राहिली. अमेरिकेत तेव्हा हजारो अविवाहित जपानी मजूर होते. लग्नासाठी गावी जाऊन परत येणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि गेल्यावर पुन्हा प्रवेश मिळेल की नाही याची धास्ती वेगळीच. मग मध्यस्थामार्फत छायाचित्रांची देवाणघेवाण होई, जपानमधील कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत मुलीचे नाव पत्नी म्हणून चढे, की तिथल्या कायद्याने लग्न लागले. नवरा हजर असण्याची गरज नसे. ही वाट १९२० साली जपाननेच, अमेरिकेतील ओरड वाढल्यावर, बंद केली आणि १९२४ च्या अमेरिकी कायद्याने उरलेसुरले दारही लागले. म्हणजे कादंबरीतल्या या सगळ्याजणी साधारण बारा वर्षांच्या एका फटीतून आत आल्या. पुढे-मागे कोणी नाही. अशा बायकांनी स्वतःविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणावे यात मला नवल वाटत नाही.

छायाचित्रांत फसवणूक सर्रास असे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो, उसना कोट, दुसऱ्याच्या मोटारीपुढे उभे राहून काढलेली छबी, आणि सुरेख अक्षरात दुसऱ्या कोणी लिहून दिलेली पत्रे. बंदरावर उतरल्यावर मुली हातातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहत. १९१० पासून ही तपासणी खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर होई. मी तिथे दोनदा गेलो आहे. चिनी लोकांना तिथे आठवडे नि महिने कोंडून ठेवत आणि लाकडी भिंतींवर त्यांनी कोरलेल्या कविता आजही हाताला लागतात. जपानी वधूंची सुटका बहुधा काही दिवसांत होई, त्यामुळे त्यांच्या खुणा भिंतींवर फारशा नाहीत. त्या बराकींत उभे असताना मला या कादंबरीची आठवण झाली, कारण जिथे लेखी खूण उरली नाही तिथेच तिचे काम सुरू होते.

नागरिकत्वाचाही मुद्दा मंडळात निघेल. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात जपानी माणसाला अमेरिकी नागरिक होता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात आपल्या भारतीय लोकांनाही तेच सांगितले. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीन घेता येत नाही, असा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा होता, म्हणून कित्येक जपानी कुटुंबांनी इथे जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या, लहान मुलांच्या नावावर जमिनी घेतल्या. कादंबरीतली मुले आईची भाषा विसरतात आणि तिच्या बोलण्याची त्यांना लाज वाटते. पण त्याच वेळी आई-बाप ज्या शेतात राबत आहेत ते शेत कागदावर त्या मुलांचे असू शकते. हे मनात ठेवून ‘मुले’ हे प्रकरण वाचले की त्याची धार जाणवते.

शेवट सर्वांना ठाऊक असेल. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना हातात मावेल तेवढे सामान घेऊन छावण्यांत जावे लागले. त्यांतील दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. खुद्द लेखिकेची आई लहानपणी युटाच्या वाळवंटातील टोपाझच्या छावणीत होती. खाडीपट्ट्यातील लोकांना आधी टॅनफोरानच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यांत, काही महिने ठेवले होते. त्या जागेवर पुढे मॉल झाला. शेजारच्या सॅन ब्रुनो स्थानकाबाहेर प्रवासाला निघालेल्या दोन लहान बहिणींचा पुतळा २०२२ साली बसवला आहे. मी वर्षानुवर्षे त्या मॉलमध्ये खरेदी केली आणि पायाखाली काय आहे हे मला माहीत नव्हते, याची खंत वाटते.

मोजकेच :

वेगळे मत मांडतो. मीही हे पुस्तक मन लावून दोनदा वाचले आहे आणि मधल्या भागात दोन्ही वेळा दमलो. बाळंतपणांच्या प्रकरणात कोणी ओढ्याकाठी, कोणी गोठ्यात, कोणी एकटीने अशी एकामागून एक वाक्ये येत राहतात, आणि दहाव्या वाक्यानंतर दुःखाची जागा गणतीने घेतली आहे असे मला वाटू लागले. मंडळातील कोणी हे म्हणाले तर त्यांना चूक ठरवू नये.

त्याहून मोठी शंका पुढची आहे. गोऱ्या शेजाऱ्यांना या सर्व बायका सारख्याच दिसत होत्या, आणि सरकारनेही त्यांना एक गठ्ठा मानूनच हाकलले. मग त्यांची गोष्ट सांगताना लेखिकेनेही सर्वांना एका सर्वनामात बांधावे का? मला हे उत्तर अजून सापडलेले नाही, आणि तुमच्या मंडळात या प्रश्नावर बोलणे झाले तर ते मला वाचायला आवडेल.

ऐसपैस :

‘मोजकेच’ यांची शंका रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येते. आधी मूळ प्रश्न, कारण मी भाषांतराचे काम करते आणि ‘आम्ही की आपण’ यावर माझे दिवसचे दिवस गेले आहेत.

इंग्रजी ‘वुई’मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर हे कळत नाही. मराठीत ते पहिल्या शब्दातच ठरवावे लागते. इथे ‘आम्ही’च हवे, असे माझे ठाम मत आहे. ‘आपण’ म्हटले की वाचक थेट बोटीत जाऊन त्या मुलींच्या शेजारी बसतो, आणि ती जवळीक त्याला काहीही न मोजता मिळते. या बायका ज्या जगाला उद्देशून बोलत आहेत ते जग त्यांना आत घेत नव्हते. ‘आम्ही’ म्हटले की वाचक धक्क्यावर उभा राहतो, आणि तिथून त्याने त्यांच्याकडे पाहायचे असते. मात्र जिथे त्या एकमेकींशी बोलतात, रात्री बोटीच्या तळाशी अंथरुणावर पडून कुजबुजतात, तिथे बिनदिक्कत ‘आपण’ घाला. “आपण तिथे पोचल्यावर काय होईल गं?” हे वाक्य ‘आम्ही’ने लिहिता येणारच नाही. हा फरक इंग्रजीत नाही, तो आपल्या भाषेची देणगी आहे, तर ती वापरावी.

आता लिंगाचे पाहू. ‘मी आले’ म्हटले की बोलणारी बाई आहे हे कळते, पण ‘आम्ही आलो’ हे बायका आणि पुरुष दोघेही म्हणतात. म्हणजे नुसत्या क्रियापदांवर भिस्त ठेवली तर या कादंबरीतला बाईपणाच मराठीत पुसट होतो. तो ‘जणी’ने भरून काढावा लागतो. आमच्यापैकी काहीजणी, आम्ही सगळ्याजणी, एकीने, दुसरीला, तिसरीचा. इंग्रजीत जिथे कोरडे ‘काही’ आणि ‘एक’ आहेत, तिथे मराठीत प्रत्येक वाक्यात एक बाई उभी राहते. मी पहिल्या पानाचा खर्डा करून घरात मोठ्याने वाचला, तेव्हा या ‘एकीने, दुसरीने’ला आपोआप एक ठेका आला.

तो ठेका ऐकताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. आपल्याकडची ओवी सर्वांच्या मालकीची असते, पण तिच्यात बोलणारी प्रत्येक बाई ‘माझा बंधव’, ‘माझी मैना’ असेच म्हणते. या कादंबरीत नेमके उलट घडते. प्रसंग कोणा एकीवरच गुदरलेला असतो आणि तो ‘आमचा’ म्हणून सांगितला जातो. मंडळातल्या काकूंना कदाचित ही वाट जवळची वाटेल.

शेवटचे प्रकरण तुम्ही निवडले आहे ते फार चांगले केले. तिथेही ‘आम्ही’ आहे, पण पहिल्याच वाक्यात कळते की आता गावातले गोरे लोक बोलत आहेत आणि जपानी नाहीसे झाले आहेत. सात प्रकरणे ज्या शब्दात त्या बायका राहत होत्या, त्याच शब्दात आता दुसरेच लोक राहायला आले आहेत, जसे त्यांच्या रिकाम्या घरांत आले. मराठीत इथे ‘काहीजणी’चे ‘काहीजण’ होईल, ‘सगळ्या’चे ‘सगळे’ होईल. वाचताना एखाद्या अक्षराचा फरक, पण तुम्ही मोठ्याने वाचणार आहात तेव्हा तो कानाला लागेलच. मी तर सुचवीन की त्या प्रकरणाला वाचणारा आवाजही बदला. आणि ‘आमच्या गावातून’ हे शब्द मुळीच बदलू नका. तिथे ‘आपल्या गावातून’ लिहिले तर ऐकणारा त्या शेजाऱ्यांत सामील होतो. तसे व्हावे असे काहींना वाटेल, पण मला तो निर्णय ऐकणाऱ्यावर लादणे योग्य वाटत नाही.

आता सर्व बायकांचा एक गठ्ठा होतो का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण वाक्यांतच आहे. एका वाक्यात नवरा मायाळू निघतो, लगेच पुढच्यात तो मारकुटा असतो. कोणी पहिल्या वर्षी पळून जाते, कोणी वर्षानुवर्षे त्याच शेतावर राहते. एकीला मालकीण शिकवते, दुसरीला राबवते. ‘आम्ही’ म्हणत म्हणत ही वाक्ये एकमेकींना सतत खोडत असतात, त्यामुळे ज्याला या बायका सारख्या वाटत होत्या त्याला दोन पानांतच तसे म्हणणे अवघड होऊन बसते. मधल्या प्रकरणांत थकवा येतो हे मात्र मलाही मान्य आहे. ती प्रकरणे एका बैठकीत वाचू नयेत.

एक बारीक गोष्ट राहिली. शीर्षकातल्या ‘ॲटिक’साठी ‘माळा’ हाच शब्द ठेवा. ‘छताखालची खोली’ वगैरे करू नका. जे वापरात नाही आणि टाकवतही नाही ते आपण माळ्यावरच ठेवतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

पानोपानी :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री काकूंना फोन करून पेटीतल्या म्हातारपणीच्या किमोनोंविषयी बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तो परिच्छेद मी वाचला होता गं, पण नाव शोधण्याच्या नादात पुढे गेले.” त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून धरले आहे.

पहिले प्रकरण चौघीजणी मिळून वाचणार आहोत. एक परिच्छेद एकीने, पुढचा दुसरीने. शेवटच्या प्रकरणासाठी मंडळातल्या एका सद्गृहस्थांना विचारले आहे आणि ते तयार आहेत. ‘आम्ही’ ठेवले आहे. बोटीवरच्या कुजबुजीत ‘आपण’ घातल्यावर तो भाग एकदम जिवंत झाला, हे ‘ऐसपैस’ यांना मुद्दाम सांगते. ‘मोजकेच’ यांची शंका मी त्यांच्याच शब्दांत चर्चेच्या सुरुवातीला वाचून दाखवणार आहे, आणि ‘खाडीपलीकडे’ यांनी दिलेली सालवारी फळ्यावर लिहून ठेवीन.

आता अडते आहे ते ‘पाणी’पाशी. तो शब्द त्या बायकांना परक्या भाषेतला म्हणून शिकवला जातो. मराठीत ‘पाणी’ लिहिले तर तो परका वाटत नाही, आणि ‘वॉटर’ लिहिले तर घेरी येणाऱ्या बाईचे ओरडणे ऐकू येत नाही. सध्या मी ‘वॉटर’ ठेवून पुढच्या वाक्यात ‘म्हणजे पाणी’ असे नवऱ्याच्या तोंडी घातले आहे. कोणाला याहून बरे सुचले तर शनिवारच्या आत कळवावे.